होबर्टची निळी आणि गिरणीचं वळण

लग्न करून मी या घरात आले तेव्हा सासू आधीच वर टेकडीवर, कबरीत जाऊन निजली होती. नणंद एकच, बर्निस, आणि ती इतकी गरीब की तिच्याशी भांडायला बसावं तर भांडण तग धरेना. मी मनात म्हटलं, रोडा, सुटलीस गं बाई. मग होबर्टने मोठ्या कौतुकाने परसातल्या शेडचं दार उघडलं, तर आत माझी सवत उभी.

निळी. सदुसष्ट सालची, दोन दारांची, नाकात भलंमोठं इंजिन आणि शेपूट ही अशी वर केलेली. त्या काळी आमच्या या केंटकीच्या डोंगरातल्या सगळ्या पोरांना तेच खूळ होतं. मागे रुंद चाकं घालायची, ती मडगार्डला घासू नयेत म्हणून मागचे स्प्रिंगचे पाटे ज्या कड्यांवर लटकतात त्या कड्या लांबलचक करायच्या, की गाडीचा मागचा भाग आभाळात! बघणाऱ्याला वाटावं, आता ही नाकावर आपटणार. होबर्ट टॅकेटने तिला असं सजवून ठेवलं होतं, आणि बायकोला दाखवताना चेहरा असा, की जणू पहिलं मूल दाखवतोय.

मूल आम्हाला झालं नाही. झालं असतं तर निळीचे लाड थोडे कमी झाले असते, असं मी म्हणायची. आता म्हणत नाही.

माणूस म्हणाल तर होबर्ट उंच, वाळका, पँट कायम खांद्यावरच्या पट्ट्यांना टांगलेली, आणि बोलायला असा कंजूष की शब्द विकत आणावे लागत असावेत. जिल्ह्याच्या शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. मी त्याच शाळेत पोरांना जेवण वाढायची. पोरं सांगायची, मिस्टर टॅकेट बसच्या खाली झोपून बसशी बोलतात. मी म्हणायची, बरं आहे बाबा, कुणाशी तरी बोलतो.

माझं उलटं. माझी जीभ दाढेखाली राहत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. पण निळीत बसलं की घरच्या कायद्यापेक्षा मोठा कायदा होता: रोडाने गप्प बसायचं. मी जरा कुठे तोंड उघडलं की होबर्टचा हात वर. "गप गं जरा. ती काय म्हणतेय ते ऐकू दे." इतकी वर्षं मी त्या गाडीत शेजारी मुक्यासारखी बसले. बाहेर काय काय दिसायचं! कुणाच्या दोरीवर कुणाचे कपडे, कुणाची गाय कुणाच्या मक्यात. आणि सगळं पोटात ठेवायचं. पोट दुखायचं माझं.

मग गेल्या वर्षी त्याचे डोळे गेले. अगदी आंधळा झाला नाही, पण मधलं दिसेना. समोर बघितलं की मधोमध धूर आणि कडेकडेने तेवढं जग. माझ्याकडे बघायचं तर तो माझ्या कानाकडे बघायला लागला. डॉक्टरने सांगितलं, गाडी चालवणं बंद. होबर्टने घरी येऊन निळीची किल्ली स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि ओट्यावरची भाकरी... मक्याची भाकरी त्याला प्राणाहून प्यारी, ती तशीच टाकून व्हरांड्यात जाऊन बसला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. म्हातारा रडला असता तर मी समजूत घातली असती, पण तो नुसता बसला.

आता मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे डेकोरेशनचा रविवार असतो. टॅकेटांच्या सगळ्या कबरी जुन्या गिरणीपलीकडच्या टेकडीवर. त्या दिवशी सगळं कुळ वर जमतं, गवत कापतं, फुलं ठेवतं, देवाची गाणी म्हणतं, आणि ओकच्या झाडाखाली लांब टेबलं मांडून पोट फुटेस्तोवर जेवतं. होबर्टच्या आईने व्हरांड्याजवळ लावलेलं पिओनीचं झुडूप अजून आहे, आणि ते बरोबर त्याच आठवड्यात फुलतं. दरवर्षी पहाटे तिची फुलं कापायची, बादलीत घालून निळीच्या मागच्या सीटवर ठेवायची आणि सगळ्यांच्या आधी वर पोचायचं, हा होबर्टचा नेम. तरुणपणापासून एकदाही चुकला नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी चर्च सुटल्यावर बर्निसचा डेल्मर आला. भाचा असला तरी आता चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, लोखंडाचं जोडकाम करणारा, आणि तोंडाने माझाच शिष्य.

"मामा," तो म्हणाला, "यंदा डेकोरेशनला माझ्या पिकअपमधून या. मामीला पण घेऊ, ती गप्प बसणार असेल तर."

"मी गेलो तर निळीतून जाईन," होबर्ट म्हणाला.

"आणि चालवणार कोण? मामीला निळीचं नाव काढलं की घाम फुटतो. त्यापेक्षा मला देऊन टाका ना ती. शेडमध्ये उंदरं पोसण्यापेक्षा."

चर्चच्या पायऱ्यांवर सगळी मंडळी. पाद्रीबाईंसकट. आणि हा माझा शब्दांचा कंजूष नवरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रोडा चालवेल. डेकोरेशनला तिने मला निळीतून वर नेलं नाही, तर गाडी तुझी. शब्द दिला."

मला विचारलं? काडीइतकं नाही! घरापर्यंत मी आमच्या रोजच्या गाडीत त्याची अशी खरडपट्टी काढली की खिडकीच्या काचा थरथरल्या. "माझी साधी गाडी आहे ना? तीत बस की! सरळ चालते, आवाज करत नाही, हवा गार देते. नाही! यांना सवतच पाहिजे! आणि हाकायची मी!"

तो माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "रोडा, या गाडीत बसलो की मला पोत्यात घालून नेल्यासारखं वाटतं. कुठे आहे ते कळत नाही. निळीत बसलो की कळतं."

"म्हणजे?"

"तिच्या अंगावरून रस्ता कळतो मला. डोळे लागत नाहीत."

मी घरासमोर गाडी उभी केली. निळी जाऊ नये असं मलाही वाटायला लागलं होतं. सवत झाली तरी जुनी सवत. ती गेली असती तर होबर्टचं जे काही उरलं होतं तेही तिच्याबरोबर गेलं असतं.

तर दुसऱ्याच दिवशी मी देवाचं नाव घेऊन निळीच्या चाकामागे बसले. होबर्ट शेजारी, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. निघालो. आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. गाडी जरा खडखडली की म्हणे, "ओढ्यावरचा पूल." जरा बुड हललं की म्हणे, "रॅटलिफांच्या फाटकापाशी डांबर उखडलंय, डावीकडून घे." एकही चुकलं नाही. मिटल्या डोळ्यांनी माणूस मला माझं गाव दाखवत होता.

मग गिरणी आली. जुनी पडकी गिरणी, तिला वळसा घालून रस्ता एकदम डावीकडे चढतो, उजवीकडे खाली ओढा. मी चाक वळवलं. गाडीचं तोंड वळलं, आणि मागचं धूड? त्याने जरा वेळाने ठरवलं की आपणही जावं! बुडाखालून काहीतरी आडवं सरकलं, मागचं चाक मडगार्डला घासून खर्रर्र झालं, आणि मी किंचाळून ब्रेक दाबला.

होबर्ट शांत. "हं. गिरणीचं वळण आलं."

"आलं? अरे, मी ओढ्यात चालले होते!"

"नाही जात. ती एवढीच सरकते. तिची खोडच आहे."

"खोड? मेली चालताना कंबर एकीकडे आणि डोकं एकीकडे, आणि म्हणे खोड! मी नाही चालवणार."

आणि खरंच नाही चालवली. तो सांगेल तशी मी गाडी तिथून कशीबशी मागे घेत घरी आणली. चार दिवस मी शेडकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी व्हरांड्यात वाटाणे सोलत बसले होते, तेव्हा होबर्टने आपण होऊन तोंड उघडलं, हेच मोठं नवल.

"तुला का भीती वाटते ते कळलं मला," तो म्हणाला. "असं बघ. मागची दोन्ही चाकं एका आडव्या एक्सलवर. तो एक्सल दोन पाट्यांना बांधलेला. पाटे टोकांना रबराच्या नळकांड्यांत, म्हणजे बुशांत, आणि मागच्या कड्यांत लटकलेले. एक्सलला आडवं धरून ठेवणारं दुसरं काही नाहीच. तेव्हाच्या सगळ्या गाड्या अशाच. वळणावर गाडी एकीकडे जाते, एक्सल मागे राहतो आणि मग धावत येतो."

"म्हणजे तुझ्या पँटसारखं."

"काय?"

"खांद्यावरचे पट्टे काढून तू वळलास की तू वळतोस आणि पँट मागून येते."

होबर्ट हसला. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच असा खदखदून. "बरोबर. तस्संच."

"मग बांध ना मेलीच्या कंबरेला पट्टा!"

एवढंच म्हणाले मी. वाटाण्याची टोपली उचलून आत गेले. तो तसाच बसून राहिला, आणि मग मला फोनवर त्याचा आवाज ऐकू आला. "डेल्मर, तुझं जोडकामाचं सामान घेऊन ये."

आता बघा, डेल्मरला गाडी हवी होती. गाडी मला चालवता आली नाही की त्याचीच. पण पोरगं बिचारं दर संध्याकाळी कामावरून थेट आमच्या शेडमध्ये. मी विचारलं, "का रे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?" तर म्हणाला, "मामी, तुझ्या हातचे रश्शातले डंपलिंग मिळतायत ना, गाडी काय करायचीय?" बर्निसचा मुलगा तो, आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्याच्यात कपट नाहीच.

पहिल्यांदा त्यांनी त्या लांबलचक कड्या काढल्या. होबर्टने तरुणपणी स्वतः लावलेल्या. जितकी कडी लांब तितका एक्सल आडवा झुलणार, हे त्याला तेव्हाही माहीत होतं, पण तेव्हा दिसण्याची हौस. आखूड कड्या बसल्या आणि निळीची शेपूट खाली आली.

"मामा, म्हातारपणी गाडीने शेपूट घातली हो," डेल्मर म्हणाला.

"तुझ्या मामीपुढे सगळेच घालतात," होबर्ट म्हणाला. हे मला ऐकू यावं म्हणूनच.

मग बुशं काढली. आतलं रबर शिळ्या पावासारखं भुगा होऊन पडलं. होबर्ट बोटांनी चाचपून सगळं बघायचा, डेल्मर त्याच्या सांगण्यावरून करायचा. नवी, कडक बुशं बसली. आणि शेवटी माझा पट्टा: एक जाडजूड लोखंडी दांडा, गाडीखाली आडवा. त्याचं एक टोक एका बाजूला एक्सलला, दुसरं टोक दुसऱ्या बाजूला गाडीच्या सांगाड्याला. दोन्ही टोकांना बिजागरासारखं, म्हणजे एक्सलला खालीवर व्हायला मोकळीक, पण आडवं सरकायला मज्जाव.

पण दांड्याच्या वाटेत धुराचे दोन पाइप. ते पाइप होबर्टने लग्नाआधी स्वतः वाकवलेले. त्यातून जो घुमारा निघायचा ना, तो ऐकून पलीकडच्या टेकडीवरचे लोक घड्याळ लावायचे.

डेल्मर म्हणाला, "मामा, डावा पाइप कापून उजव्यात जोडू. म्हणजे दांडा लांब आणि सपाट बसेल."

"पाइपला हात लावशील तर याद राख."

"पण तिरका बसवला तर..."

"थोडा तिरका चालतो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा. दांडा आखूड केला, पाइप चुकवून तिरका बसवला, आणि मला बोलावलं. "चल. आता बघ."

गेले मी. सपाट रस्त्यावर गाडी खरंच गुणी वागली. पण गिरणीच्या वळणावर कोळशाच्या ट्रकांनी डांबराची चाळण केली आहे. तिथे चाक खड्ड्यात गेलं की गाडी आडवी उडी मारायला लागली. आधी एकदाच सरकायची, आता प्रत्येक खड्ड्याला ढुंगण झटकायची. मी चाक धरून बसले, आणि होबर्ट म्हणतो, "तुझे हात थरथरतायत, रोडा. ते तिला कळतं."

"माझे हात नाहीत, गाडी उडतेय!"

"नाचता येईना अंगण वाकडं."

झालं! मी गिरणीपाशी गाडी उभी केली, किल्ली काढली, खाली उतरले आणि दार असं आपटलं की चिमण्या उडाल्या. ओढ्याच्या काठी जाऊन एका दगडावर बसले आणि त्याला, त्याच्या आईला, डेल्मरला आणि ज्याने कुणी मोटारगाडी काढली त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. राग ओसरल्यावर मागे वळून बघते तर होबर्ट तसाच बसलेला. हात गुडघ्यांवर. मान इकडे तिकडे करत, कडेच्या डोळ्याने मी कुठे दिसते का ते शोधत. मी तशीच उठले. पळत परत गेले.

"गेलीस कुठे?" तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा.

"इथेच होते. ओढ्यावर."

त्याने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "तू म्हणतेस तसं असेल, तर मला हाताने बघू दे."

हाताने बघणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या नव्या झाडूचा दांडा कापून त्यांनी एक्सलला उभा घट्ट बांधला, आणि डिकीच्या तळाला एक रबरी बुच होतं ते काढून त्या भोकातून दांड्याचं टोक आत घेतलं. एक्सल जसा हलेल तसं ते टोक भोकात हलणार. आणि ते टोक बोटांत धरायला होबर्ट डिकीत आडवा झोपणार!

"वेडा झालास का? या वयात?"

"झाकण दोरीने अर्धवट बांध. हवा येऊ दे. तू नेहमीसारखी चालव."

तर अशी आमची वरात निघाली. मी चाकामागे, नवरा डिकीत, त्याचे बूट बाहेर लोंबकळतायत, आणि मागून पिकअपमध्ये डेल्मर हसून हसून पोट धरतोय. गिरणीच्या अलीकडे नेमक्या पाद्रीबाई समोरून आल्या. गाडी थांबवली, काच खाली केली, बुटांकडे बघितलं.

"रोडा, होबर्टला घेऊन कुठे निघालीस गं?"

"टाकायला!" मी म्हटलं आणि पुढे गेले.

वळणावरून वर गेले, मग खाली आले, पुन्हा वर. प्रत्येक खड्ड्याला गाडी उडाली. डिकी उघडली तेव्हा होबर्ट धुळीने पिठासारखा पांढरा, बोटांची सालं निघालेली. उठून बसला. आम्ही दोघं बघतोय.

"एक्सल वर गेला की सोबत डावीकडे जातो. खाली आला की उजवीकडे," तो म्हणाला. "तिरक्या दांड्याने ओढला जातोय. प्रत्येक खड्ड्याला."

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे अंगण वाकडं आहे."

लग्नानंतरची ही त्याची पहिली माफी. मी ती तशीच ठेवून दिली आहे, अजून ताजी आहे.

मग त्याने डेल्मरला पाइप कापायला सांगितला. स्वतः शेजारी उभा राहिला. कापलेला तुकडा हातात घेतला, त्याच्या वळणावरून अंगठा फिरवला आणि कोपऱ्यात नीट उभा करून ठेवला. दोन्ही पाइप एकत्र जोडल्यावर गाडी सुरू केली, तर तो जुना घुमारा गेलेला. "म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी झाली," होबर्ट म्हणाला. बस, एवढंच.

डेल्मरला त्या आठवड्यात जादा काम निघालं, त्यामुळे लांब आणि सपाट दांडा बसायला डेकोरेशनच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ झाली. शेवटचा नट आवळून झाल्यावर होबर्टने गाडीच्या मागच्या कोपऱ्याला कंबर लावली आणि जोर करून आडवं ढकललं. पूर्वी असं केलं की ती कुरकुरत सरकायची. आता तसूभरही हलली नाही. त्याने पुन्हा ढकललं. मग हात तिच्या पाठीवर ठेवून तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, खूश झालाय.

"एकदा चालवून बघू का?" मी विचारलं.

"उद्याच," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी पिओनी कापल्या, बादली मागच्या सीटवर ठेवली, डंपलिंगचं पातेलं होबर्टच्या पायांमध्ये. आज वळणावर माझा धीर सुटला तर गाडी सगळ्या कुळादेखत डेल्मरची होणार. तो नको म्हणाला असता, पण होबर्टने शब्द फिरवला नसता. मी त्याला ओळखते ना.

"पूल," होबर्ट म्हणाला. पुलाच्या फळ्या वाजल्या ना, त्या कुठल्याही गाडीत वाजतात. मग तो गप्प झाला. मी पण गप्प. निळीतला कायदा तो. रॅटलिफांचं फाटक गेलं. मग गिरणी दिसली. मी दात आवळले, चाक वळवलं, आणि... काही नाही! इस्त्री फिरवावी तशी गाडी वळणावरून फिरली. खड्डे आले, ती खालीवर झाली आणि पुन्हा आपल्या जागी. तोंड आणि कंबर एकदम, एका विचाराने. माझ्या सवतीने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. मला ओरडावंसं वाटत होतं, गावंसं वाटत होतं. पण तो ऐकत असेल म्हणून मी ओठ आवळून बसले.

चढ चढलो. गोठे गेले, पाण्याची टाकी गेली. होबर्ट ताठ बसलेला, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, चेहरा पुढे काढलेला. वाट बघत असल्यासारखा.

"रोडा," तो म्हणाला, "जरा हळू घे. पुढे गिरणीचं वळण आहे."

माझा पाय आपोआप सैल पडला.

"होबर्ट," मी म्हटलं, "गिरणी मागे गेली रे."

"गेली?"

"केव्हाच. आपण टाकीच्या वर आलो."

"आणि ती सरकली नाही?"

"नाही."

"खर्र नाही झालं?"

"नाही रे."

तो हसला. गुडघ्यावर थाप मारली. "लेकाचा दांडा! धरली, धरली!" आणि हसता हसता त्याचा चेहरा उतरला. तो बाहेर बघायला लागला, म्हणजे तोंड तिकडे केलं. बाहेर त्याला कडेकडेचं धूसर तेवढं दिसणार! माझ्या तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की या माणसाने त्याला रस्ता सांगणारी तिची खोडच बांधून टाकली. आदल्या संध्याकाळी गाडीच्या पाठीवर हात ठेवून तो का उभा होता, तेही शिरलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "काल ढकलून बघितलंस तेव्हाच कळलं तुला."

त्याने पायांमधल्या पातेल्याचं झाकण नीट केलं.

"उद्या काढून टाकू तो दांडा. मी तशीच चालवीन. घाबरत घाबरत चालवीन, पण चालवीन." मी रडत होते आणि रडत गाडी चालवत होते.

"काढायचा नाही," होबर्ट म्हणाला. "इतकी सरळ ती माझ्या हातात कधी चालली नाही." मग त्याने हात पुढे केला, चाचपून माझ्या दंडावर ठेवला. "तू बोल."

"काय बोलू?"

"काय दिसतं ते. बोल की. एरवी तर तोंड बंद होत नाही तुझं."

देवा! इतक्या वर्षांचं साठलेलं. मी सुरुवात केली ती थांबलेच नाही. डाव्या हाताला लॉरेलची झुडपं फुललीत, सगळा उतार पांढरा झालाय. रॅटलिफांच्या वरच्या रानात तांबडी गाय पुन्हा दुसऱ्याच्या मक्यात शिरली आहे आणि म्हातारा रॅटलिफ काठी घेऊन लंगडत मागे. बर्निसच्या जुन्या घराला कुणी तरी पिवळा रंग दिलाय, इतका पिवळा की बघवत नाही, शोभत नाही. इथे वळण, उजवीकडचं, मी घेतेय, घेतलं. तुझ्या बाबांनी लावलेलं अक्रोडाचं झाड विजेने अर्धं गेलंय, पण उरलेल्या अर्ध्याला पालवी आहे. तो मान हलवत होता. मध्येच विचारत होता, "किती पिवळा?" "कुठल्या बाजूची फांदी?" आणि मी सांगत होते.

वर पोचलो तेव्हा आम्ही पहिले नव्हतो. ओकखाली टेबलं मांडून झाली होती, पाद्रीबाई अंड्यांचं ताट घेऊन उभ्या, आणि सगळं कुळ निळीकडे बघत होतं. डेल्मर धावत आला. "हरलो, मामी, हरलो!" म्हणत त्याने होबर्टच्या बाजूचं दार उघडलं. "चला मामा, उतरा. सगळे थांबलेत."

मी तेव्हा सासूच्या कबरीचं सांगत होते. दगडाच्या उजव्या कोपऱ्यावर शेवाळ चढलंय, पण नाव स्वच्छ दिसतंय, आणि गवतात कुठून तरी एक निळं जंगली फूल उगवलंय, कुणी लावलेलं नाही.

होबर्टचा हात वर झाला. सवयीने मी गप्प झाले. पण तो हात डेल्मरसाठी होता.

"थांब रे जरा," होबर्ट म्हणाला. "तिचं बोलून होऊ दे."